ओल्या चादरीचं वजन

मावशीने आयुष्यात पहिलं चित्र कधी काढलं नाही आणि शेवटचंही नाही. तिच्या स्टुडिओत मोठे चित्रकार कार्टूनमधल्या हालचालीची ही दोन टोकं काढून द्यायचे. मधली सगळी चित्रं मावशीची. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवून एकतीस वर्षं तिने तेवढंच केलं. बहिणींतही ती मधलीच, त्यामुळे घरीदारी तिला सगळे ‘मधली’च म्हणत.

मी तेच काम कॉम्प्युटरवर करते. त्या दिवशी मी चष्मा घरी विसरले, तो द्यायला मावशी पहिल्यांदाच आमच्या स्टुडिओत आली. मी रडकुंडीला येऊन बसले होते.

पडद्यावर माझा शॉट होता. एक धोबीण टबातून ओली चादर उचलते, एवढाच. पण माझा स्वतःचा पहिला. सकाळी दिग्दर्शिका बाई बघून म्हणाल्या होत्या, “चादर उचलतेय की हातरुमाल? चारपर्यंत वजन आण, नाहीतर शॉट फिल्ममधून काढते.”

आता अडीच वाजले होते.

“मधली चित्रं कुणी काढली?” मावशीने विचारलं.

“यानेच.” मी बटण दाबून दाखवलं. पहिल्या आणि शेवटच्या चित्राच्या मध्ये सात चित्रं ओळीने उमटली.

“अगं बाई! पापणी लवायच्या आत? आमचा अख्खा दिवस जायचा, आणि मान धरायची ती वेगळीच.” तिने खुर्ची ओढली. मी धोबिणीचं लुगडं निळं केलं, हिरवं केलं, पुन्हा निळं केलं. मावशी लग्नघरातल्या पोरीसारखी हरखून बघत होती. “ना शाईचा डाग, ना चहाचा ओघळ. काय गुणाचं लेकरू आहे!”

बोलता बोलता तिचा डावा हात आपसूक पडद्याकडे गेला. बोटं फाकवून ती पडद्याची खालची कड चाचपू लागली.

“याचे कागद कुठून धरायचे गं?”

पाच बोटांत पाच कागद धरून एकेक सोडत हालचाल बघायची, ही तिची जुनी सवय. शेजारचा सहकारी फसकन हसला. मावशी त्याच्याहून जोरात हसली. मी तिला दोन बटणं दाखवली: हे पुढे, हे मागे. दहा मिनिटांत बोटांना ताल सापडला आणि ओठांवर गाणं आलं. तिच्या स्टुडिओतल्या बायकांनी मोठ्या चित्रकारांना चिडवायला रचलेलं:

पहिलं तुझं, राजा, शेवटचं तुझं,
मधल्या वाटेचं आम्हांवर ओझं.

मग बोटं थांबली.

“लेकरू गुणाचं आहे, पण याने कधी कपडे धुतलेले नाहीत.”

ती उठली आणि तिने सरळ खिडकीचा जाड पडदा उतरवला.

“मावशी, ऑफिसचा आहे तो!”

“मळलाच होता.”

न्हाणीघरात बादलीत पडदा बुडवून ती म्हणाली, “उचल.” मी उचलला. “आधी कुठे गेलीस?”

“वर.”

“खोटं. पुन्हा उचल.”

दुसऱ्यांदा मला कळलं. गुडघे वाकले, हनुवटी छातीला टेकली, कंबर मागे गेली. वर जायच्या आधी मी खाली गेले होते.

“तुझ्या त्या लेकराने दोन चित्रांमधलं अंतर सारखं वाटून टाकलं,” मावशी म्हणाली. “पण इथे मधलं चित्र पहिल्याच्याही खाली आहे. आता काढ.”

“तूच काढ ना.”

“हात कापतो गं. चार वर्षं झाली पेन्सिल सोडून.”

मी रेघ सावरून घेणारी सोय चालू केली आणि पेन तिच्या हातात दिलं. कॉम्प्युटरच्या काचेवरून ते घसरलं, पहिली रेघ भलतीकडेच गेली. मावशीने अंगठा ओला करून काच पुसायला घेतली. मी बटण दाबलं, रेघ नाहीशी झाली.

“हवी झाली तर ती परत सापडेल ना?”

“सापडेल.”

दुसऱ्या वेळी हात थरथरत होता, पण पडद्यावरची रेघ मात्र पाण्यातल्या वेलीसारखी संथ उतरत होती. मावशीने पेन उचललं. आधी हाताकडे बघितलं, मग रेघेकडे.

“हे कुणी सावरलं?”

“यानेच.”

दमून आलेल्या लेकाच्या पाठीवरून फिरवावा तसा तिने कॉम्प्युटरच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा वाकली. तळाची दोन चित्रं तिने काढली, एक मी. उरलेली मशीनने त्यांना जोडून दिली.

चारला बाई आल्या. त्यांनी शॉट तीनदा बघितला. तिसऱ्यांदा नकळत त्यांचा हात स्वतःच्या कमरेवर गेला.

“राहू दे हा,” त्या म्हणाल्या. “पुढच्या शॉटमध्ये ती चादर पिळते. तोही असाच कर.”

“एकटीच पिळते?” मावशीने विचारलं.

“हो. का?”

“एवढी मोठी ओली चादर एकटीने पिळून दाखवा, बाई.”

बाईंनी आपल्या हातांकडे बघितलं. “म्हणजे दुसरी बाई घालावी लागेल?”

“घाला की.”

मावशी आम्हा दोघींना न्हाणीघरात घेऊन गेली. बादलीतल्या पडद्याचं एक टोक तिने मला दिलं, दुसरं बाईंना. “दोघी आपापल्या उजवीकडे पिळा.”

बाई डावीकडे वळल्या. पडदा नुसताच गरागरा फिरला.

“उजवी, बाई, उजवी! जेवता त्या हाताची!”

आम्ही हसत पुन्हा धरला. या वेळी पीळ बसला, आणि पाणी आमच्या पायांवर धो धो सांडलं.