बिनआवाजाचा फोन

वाडीत एकच फोन होता आणि तो छगनच्या दुकानात होता. त्यामुळे आपण पोस्टमास्तर आहोत आणि थोडेफार सरपंचही आहोत, असं छगनला वाटायचं. पाथर्डीकडच्या त्या उघड्याबोडक्या माळावर फोन येऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. दिवाळी सरली की निम्मी वाडी ऊसतोडीला सांगलीकडे निघून जायची आणि मागे म्हातारी माणसं, कोंबड्या आणि छगन उरायचे.

दुकानासमोर गल्ली ओलांडली की झुंबरबाईचं घर. झुंबरबाई ठार बहिरी. तिचा मुलगा वाल्मिक आणि सून धनश्री त्या वर्षी तोडीला निघाले तेव्हा धनश्रीला पाचवा महिना होता. आदल्या हंगामात उसाच्या फडावरच तिचं बाळ गेलं होतं. हिला या खेपेला माझ्याजवळ ठेव, असं म्हातारी म्हणत राहिली. पण कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा असतो, एकट्या गड्याला मुकादम विचारत नाही. दोघं गेली. फोन आला तरी म्हातारीला ऐकू येणार नव्हता. सहा महिने दारात बसून वाटेकडे बघायचं एवढंच तिच्या हाती उरलं होतं, आणि ते बघणं छगनला समोरून रोज दिसणार होतं.

छगनच्या डोक्यात मात्र तेव्हा भलतंच वारं शिरलं होतं. वर्तमानपत्रात त्यानं वाचलं होतं की पुढे इंटरनेटमुळे निर्जीव वस्तूही एकमेकींशी बोलतील, दूध संपलं की फ्रिज आपणहून दुकानदाराला निरोप धाडील. वाडीत फ्रिज कुणाकडे नव्हता. पण निरोप धाडणारी वस्तू हे त्याच्या मनात बसलं. केडगावात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारा त्याचा वर्गमित्र प्रवीण सणाला गावी आला, तेव्हा छगननं त्याला सोडलंच नाही. दोघांनी मिळून फोनला एक डबी जोडली, काउंटरखाली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी ठेवली आणि गल्लीवरून वायर नेऊन झुंबरबाईच्या दारात एक छोटा दिवा टांगला. फोन वाजला की घंटीगणिक दिवा लुकलुकायचा.

वाल्मिकला निरोप गेला: दर आठवड्याला तुमच्याकडच्या बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला फोन लावायचा आणि चार घंट्या झाल्या की ठेवून द्यायचा. सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ. काही विशेष असलं तरच फोन वाजता ठेवायचा, म्हणजे छगन उचलेल. त्या वेळी दुसऱ्या कुणाचा फोन येऊ नये म्हणून वाडीनं आपापल्या पाहुण्यांना ताकीद दिली. वाडीतल्या बायडाबाईच्या व्याह्यांनी त्यावरून नाक मुरडलं, तर तिनं त्यांना चक्क सांगितलं की म्हातारीचा दिवा आधी, तुमची ख्यालीखुशाली मग.

पहिल्यांदा दिवा लुकलुकला तेव्हा झुंबरबाईनं पदर सावरून त्याला हात जोडले. घरात दिवा लागला की जोडतात तसेच. मग गल्ली ओलांडून आली आणि छगनच्या हातावर गुळाचा खडा ठेवून गेली. पुढे ते दर बाजाराचं झालं. छगन येईल त्या गिऱ्हाईकाला सांगू लागला की नगरात इंटरनेट येवो न येवो, आमच्या वाडीतला दिवा सांगलीशी बोलतो.

फेब्रुवारी संपत आला आणि एका बाजाराला फोन आला नाही.

छगननं रिसीव्हर उचलून पाहिला. लाइन चालू होती. समोर झुंबरबाई दिव्याखाली बसली होती. अंधारून आलं तरी उठेना. धनश्रीचे दिवस भरत आलेत हे छगनलाही ठाऊक होतं. त्याला ते बघवेना. तो काउंटरखाली वाकला आणि वायरचं टोक त्यानं सरळ बॅटरीला लावलं. पलीकडे दिवा लागला. म्हातारीनं हात जोडले, गूळ आणून दिला आणि घरात गेली. तो खडा छगनला काही केल्या गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं कारखान्याच्या कचेरीत फोन लावला. टोळी दूरच्या फडावर हलली, यापलीकडे तिथं कुणाला काही ठाऊक नव्हतं. पुढच्या बाजारालाही फोन नाही. छगननं पुन्हा वायर लावली. त्याच्या पुढच्या बाजारालाही लावली. आता तो मनातून पुरता घाबरला होता. तिकडून वाईट बातमी आली, तर या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं की तीन आठवडे तुझ्या पोरांची खुशाली मीच पाठवत होतो?

आणि भलत्याच दिवशी, टळटळीत दुपारी फोन वाजला. चार घंट्या झाल्या, पाच झाल्या, सहा झाल्या, तरी थांबेना. छगननं उचलला. पलीकडे वाल्मिक होता. तालुक्याच्या दवाखान्यातून बोलत होता. फडाजवळ फोनच नव्हता म्हणाला, आणि पुढचं सांगता सांगता रडायला लागला.

छगननं वळून पाहिलं तर झुंबरबाई दुकानाच्या दारात उभी. दिवा लुकलुकायचा थांबेना म्हणून दुखरा गुडघा घेऊन ती धावत आली होती. ओरडून उपयोग नव्हता. छगननं दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला, मग नथीच्या जागी नाकाला बोट लावलं. मग दोन बोटं वर केली आणि छातीवर हात ठेवला. मुलगी झाली होती, आणि दोघी बऱ्या होत्या.

म्हातारी खालीच बसली. तोंडात पदर कोंबून पोटभर रडली. छगनही काउंटरला टेकून रडत होता. खरं सांगायला हवं म्हणून त्यानं दिव्याकडे आणि मग स्वतःकडे बोट केलं.

"मला ठाव हाय," झुंबरबाई म्हणाली. "वाल्याचा दिवा डोळं मिचकावतो. तुझा एकसारखा जळतो. पयल्या दिशीच वळखलं मी."

छगनच्या आता ध्यानात आलं. म्हणजे तीन आठवडे ही बाई एकटीच काळजीत जळत होती, आणि वर त्याला गूळ आणून देत होती. ओठांवरून कळावं म्हणून त्यानं सावकाश विचारलं, मग बोलली का नाहीस?

"काय बोलू? माझ्यापायी तुझा जीव किती पिळवटत हुता, ते मला हितून दिसत हुतं. म्हनलं, त्याला वाटू दे मी निवांत हाय."

डोळे पुसत ती उठली. उंबऱ्याशी थांबली आणि मागे वळली.

"आज दिवेलागणीला तुझा दिवा लाव," म्हणाली. "बाजार नसला तरी लाव."

सांजेला छगननं काउंटरखाली वाकून वायर लावली. पलीकडे दिवा एकसारखा जळत राहिला. झुंबरबाईनं आधी त्याला हात जोडले, मग वळून दुकानाकडे जोडले.