ह्यांची फुंकर

माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या हातून झाडं मरतात ती दुर्लक्षानं नव्हे, लाडानं. घरी आलेल्या माणसाला त्या 'अजून घ्या, थोडं तरी घ्या' करत बेजार करतात, तशाच कुंडीलाही करतात. माणूस निदान उठून जाऊ शकतो, झाडाची ती सोय नसते. बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या ऑर्किडचं तसंच झालं. बाबा आठवडाभर नणंदेकडे गेले, जाताना चारचारदा बजावून गेले की हिला पाणी नको, आणि परत येऊन बघतात तर कुंडीत नुसता चिखल आणि धरताक्षणी हातात आलेलं झाड. मुळं म्हणून जे काही खाली लोंबत होतं ते पिचपिचीत झालं होतं आणि बोट लावलं की गळून पडत होतं. आई तोंड लपवून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

बाबा चिडले नाहीत. उभा जन्म त्यांनी प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं फुंकण्यात घालवला होता. ज्योतीवर नळी लाल करायची, दुसऱ्या टोकाला ओठ लावायचे आणि बेतानं फुंकर घालायची, असं काम करणाऱ्या माणसाला चिडून कसं चालेल? कात्री ज्योतीवर धरून त्यांनी कुजलेलं एकूण एक मूळ छाटलं, जखमांवर दालचिनीची पूड लावली, पिळून घेतलेल्या ओल्या शेवाळावर ते बोडकं झाड बसवलं आणि सगळं एका पारदर्शक पिशवीत ठेवलं. मग पिशवीचं तोंड ओठांशी गोळा करून आत एक लांब फुंकर घातली, म्हणजे प्लास्टिक पानांना चिकटत नाही, आणि वर दोऱ्याची गाठ मारली. अधूनमधून उघडून नवी हवा भरायची आणि मुळं धरली की बाहेर काढायची, असं त्यांनी मला समजावलं. नंतर आईंना हाक मारून म्हणाले, "ये बाहेर. जगेल ही. फक्त आता हिला लांबूनच बघ."

पुढची हवा भरायला बाबा राहिले नाहीत. त्याच आठवड्यात एका दुपारी पेपर वाचता वाचता डोळा लागला तो लागलाच.

मी छातीच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर माणसांच्या तोंडात नळी द्यायची आणि फुंका, फुंका, अजून फुंका म्हणून त्यांच्या मागे लागायचं, हा माझा धंदा. तेव्हा बाबांच्या छातीत शेवटी किती थोडा दम उरला होता हे घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणूनच असेल, भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर खिडकीतल्या त्या पिशवीकडे पहिल्यांदा माझंच लक्ष गेलं. पातळ प्लास्टिक, साधी दोऱ्याची गाठ; एव्हाना ती लुळी पडायला हवी होती. ती टम्म फुगलेली होती.

मी गाठीला हात घातला तशी आईंनी माझं मनगट धरलं. "नको ग," त्या म्हणाल्या. "आत हे आहेत."

इतक्या साधेपणानं म्हणाल्या, की जणू बाबा आत आंघोळ करत होते आणि मी दार वाजवत होते. मी हात मागे घेतला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बघू. हा प्रत्येक गोष्टीवर बघूच म्हणतो. पण या खेपेला मलाही वाटलं, असू दे, कुणाचं काय जातंय? आई खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या, बाबांचा पेपर मोठ्यानं वाचायच्या, शेजारणीच्या चहाड्या सांगायच्या. घरातल्या बाकीच्या झाडांचा त्यांना पार विसर पडला आणि ती बिचारी पहिल्यांदाच तरारून उठली. मला त्या बाईची माया येई. त्यांच्या मनात एकच घर करून बसलं होतं: आपण ते झाड कुजवलं नसतं तर ह्यांनी त्या दिवशी एवढा दम खर्च केला नसता.

सुरकुतलेली पानं हळूहळू भरली. एके सकाळी आईंनी मला ओढतच खिडकीशी नेलं. शेवटच्या पानाखाली हिरव्या टोकाचं एक मूळ फुटलं होतं, शेजारी दुसरं डोकावत होतं. आई रडत हसत होत्या. "सुटले बाई मी," असं म्हणताना मधेच थांबून त्यांनी श्वास घेतला.

ते थांबणं मला खटकलं. मग मी बघतच गेले. चादर घालताना त्या कॉटवर टेकत, पेपरातली एक ओळ दोन दमांत वाचत. मी त्यांना दवाखान्यात नेऊन माझ्याच नळीत फुंकायला लावलं. कमी भरलं, बरंच कमी. आणि डॉक्टरांना छातीत दोष म्हणून काही सापडेना. हवापालट म्हणून मी त्यांना नणंदेकडे धाडलं. तिथून फोनवर त्या अशा घडाघडा बोलल्या की ऐकून मीच दमले. इकडे खिडकीत पिशवी रोज थोडी खाली बसत गेली आणि शेवटी ओल्या रुमालासारखी पानांवर पडून राहिली. मी ते कुणापाशी बोलले नाही.

आई परत आल्या त्या गालांवर रंग घेऊन. पिशवी बघितली, "अगं बाई" म्हणाल्या आणि चपला न काढताच खुर्चीत बसल्या. संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा पिशवी टम्म होती, आणि आई कॉटवर उशांना टेकून तोंडानं श्वास घेत होत्या.

सासू-सून म्हणून आमचं फार गुळपीठ होतं असं नाही, पण ही बाई मला हवी होती. बाबांपाठोपाठ तिला मी जाऊ देणार नव्हते. नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्याचं बघू ऐकायची ती वेळ नव्हती. मी आईंच्या उशाशी बसले आणि बाबांचंच बोलणं पुढे केलं. मुळं धरली की बाहेर काढायची, असं बाबाच सांगून गेलेत. आता ती प्लास्टिकला टेकलीत, मोडतील. आणि बाबांना तरी किती दिवस असं कोंडून ठेवायचं?

आईंनी कोपरावर भार देऊन खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाल्या, "चल. ह्यांचा शब्द मोडायला नको."

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी आम्ही खिडकीशी उभ्या राहिलो. झाडाच्या सालींचे तुकडे भरून नवी कुंडी मी तयार ठेवली होती. गाठ आईंनीच सोडली, घाई न करता, बोटांनी दोरा उकलत. हवा सुटल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होते. आवाज आला नाही. तोंड उघडं असूनही पिशवी लुळी पडेना. उलट तिच्या उरल्यासुरल्या चुण्या एकेक करून भरत चालल्या. खिडकी बंद होती, पंखा बंद होता, आणि आईंच्या कपाळावरची पांढरी बट अलगद उचलून पिशवीच्या तोंडाकडे कलली.

"आई, मागे व्हा," मी म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं नाही. आवाजात इतकी माया मी कधी ऐकली नव्हती. "थांब ग जरा," त्या म्हणाल्या. "दमलेत हे. घेऊ दे."

आणि त्या खाली वाकल्या, पिशवीचं तोंड बाबांसारखंच ओठांशी गोळा केलं आणि डोळे मिटले. त्यांना धरून मागे ओढायचं होतं मला. पण माझे दोन्ही हात माझ्याच नाकातोंडावर घट्ट दाबलेले होते, आणि ते काही केल्या मला काढवेनात.