दोघांत एकच दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. जरा जवळ या, मला ओरडायची सवय नाही. दुरून डोंगर साजरे असं तुम्ही माणसं म्हणता आणि तोच डोंगर जवळ आणायला मला गळ्यात अडकवता. असो. रंग उडालेला, एका बाजूला पोचा, पट्टा तिसऱ्यांदा बदललेला, अशी मी बेंगळुरूला जे. पी. नगरातल्या एका फ्लॅटमध्ये दाराजवळच्या खिळ्याला राहते.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यातला. ते दिवस आता आठवत नाहीत. आठवतं ते चिकपेटमधलं हार्डवेअरचं दुकान. तिथं कुलपं आणि मोजपट्ट्यांच्या शेजारी मी दोन वर्षं धूळ खात पडले होते. एके दिवशी सरकारी कारखान्यातला एक तरुण इंजिनिअर स्क्रू घ्यायला आला आणि मला उचलून समोरच्या छपरावरची कबुतरं बघत बसला. मागचं गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं तरी हलेना. शेवटी स्क्रू तिथंच विसरला आणि मला घेऊन गेला. हे माझे हयवदन अण्णा.

घरी त्यांची नवी नवरी होती, अनुसूया. पुढं घरादाराची, शेजारपाजाऱ्यांची ती अक्का झाली, अण्णांची मात्र अनूच राहिली. दोघंही बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरांतली. अण्णांना पाखरांचं वेड. पहिल्याच रविवारी त्यांनी तळ्यावर एक खंड्या पाहिला आणि वहीत लिहिला. अक्का म्हणाली, "मी कुठं पाहिला? वही दोघांची आहे ना?" अण्णांनी मुकाट्यानं तो खंड्या खोडला. त्या दिवसापासून या घरात कायदा झाला: दोघांनी पाहिला तरच पक्षी वहीत जायचा.

दुसरी दुर्बीण आणू, असं अण्णा मधूनमधून म्हणायचे. अक्का ऐकायची नाही. "मग तुम्ही तिकडे बघाल, मी इकडे. एकीतच सोय आहे." त्यामुळे चाळीस वर्षं मी या हातातून त्या हातात फिरत आले आहे.

आता माझ्या उजव्या डोळ्याशी एक बारीक कडं आहे. ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे ते फिरवून घ्यावं लागतं. अण्णांचं ठिकाण वेगळं, अक्काचं वेगळं. अक्का बघून झाली की मला तशीच परत द्यायची. अण्णा डोळ्याला लावायचे तर सगळं धुरकट. "अनू, कडं परत आणून देत जा गं." "तुमच्या डोळ्यांना वाकडं दिसतं, त्याला मी काय करू?" हे भांडण मी किती हजार वेळा ऐकलं असेल, देव जाणे. खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

गेल्या पावसाळ्यात भांडण थांबलं. अण्णा खूश. "बघ, म्हातारपणी का होईना, शिस्त लागली तुला." अक्का नुसती हसली. पण माझ्या कड्याला तर तिची बोटं आताशा लागतच नव्हती. ती मला डोळ्याला लावायची, चार श्वास थांबायची आणि "दिसला" म्हणून परत द्यायची. कडं होतं तिथंच.

खरी गोष्ट तिनं फक्त भाचीला, आश्लेषाला सांगितली. दोघी जयनगरच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. डोळ्यांच्या पडद्याची मधोमध झीज झाली होती. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं. चष्म्यानं सुधारणार नाही आणि माझ्यानं तर नाहीच.

"अक्का, अण्णांना सांग ना," आश्लेषा म्हणाली.

"सांगेन. स्वल्प थांब. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा या दुर्बिणीला दोन वर्षं खिळ्यावरून खाली काढली नाही त्यांनी. तू नाहीस तर मी एकटा काय झाडांकडे बघत बसू, म्हणाले. आता डोळ्यांचं कळलं तर कायमचं सोडतील. त्यांचं ते उत्तरेला जायचं एकदा होऊ दे."

उत्तरेला जायचं म्हणजे अण्णांचं जन्माचं स्वप्न. हिमालयाच्या पायथ्याची जंगलं आणि मग भरतपूरची पाणथळ, गाइडबरोबर आठ दिवस. नोकरी, मुलीचं लग्न, गुडघा असं करत करत ते राहिलं होतं. जानेवारीची तिकिटं निघाली होती. अक्का घरात सांभाळून घ्यायची. पेपर तुम्हीच मोठ्यानं वाचा, मी भाजी निवडते, म्हणायची आणि मेथी बोटांनीच निवडायची. मीही मूग गिळून बसले. दुर्बिणीला दुसरं काय करता येतं म्हणा.

आमचा गाइड पूरन. पन्नाशीचा, कुमाऊंचा, चालताना पाचोळा वाजू न देणारा माणूस. पहिले दोन दिवस पायथ्याच्या जंगलातलं सातताल. तिथल्या झाडीत त्यानं एक घुबड दाखवलं, खोडाच्या रंगाचं, खोडालाच टेकून झोपलेलं. अण्णांनी पाहिलं आणि मला अक्काकडे दिलं. तिनं मला नुसत्या सालीवर रोखलं. घुबड हातभर डावीकडे होतं. "दिसलं," ती म्हणाली, "केवढं आहे हो." अण्णांनी वहीत लिहिलं. माझ्या काचा शरमेनं तडकायच्या बाकी होत्या.

तिसऱ्या दिवशी त्याहून उंचावरचं पांगोट. थंडी अशी की अक्कानं दोन स्वेटरवर शाल आणि शालीवर अण्णांचा मफलर गुंडाळला होता. माझ्या अंगातलं चाळीस वर्षांचं जुनं ग्रीस पार गोठलं. पहाटे खोलीतच अण्णांनी मला पुसायला घेतलं आणि कडं फिरवून बघितलं. ते जाम. दोन्ही हातांनी जोर लावला तरी हलेना. नशिबानं ते अण्णांच्या ठिकाणीच अडकलं होतं. अक्काला सांगायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

रस्त्याच्या कडेला पूरननं हात वर केला. उतारावर कोकलास होता, रानकोंबड्याच्या जातीचा, लाजाळू, सहसा न दिसणारा. अण्णांनी भरून पाहिला आणि लगबगीनं मला अक्काकडे दिलं. तेवढ्यात तो झुडपात शिरला. अक्का चार श्वास थांबली.

"दिसला. शेपूट काय सुरेख आहे."

"कडं फिरवलंस?"

"फिरवलं आणि परतही आणलं. तुमचीच शिकवण."

 अण्णांनी मला हातात घेतलं आणि कडं हळूच दाबून बघितलं. पहाटेसारखंच जाम. त्यांचा अंगठा बराच वेळ तिथंच होता. मग त्यांनी खिशातून वही काढली, पेनाचं टोपण काढलं, आणि टोपण परत लावलं. पान कोरं राहिलं. अक्काला ते कळलं नाही, कारण तिला त्यांचं अक्षर दिसायचं कधीच थांबलं होतं.

पुढचे दिवस अवघड गेले. पूरन पक्षी दाखवायचा, अक्का "दिसला" म्हणायची, अण्णा "सरी, बरं, लिहितो" म्हणायचे आणि कोऱ्या पानावरून पेन फिरवल्यासारखं करायचे. दोघं एकमेकांना जपत होती आणि मधल्या मधे माझा जीव टांगणीला. चिडून दोघांच्या डोक्यात एकेक टपली मारावीशी वाटे.

शेवटच्या दिवशी भरतपूर. तिथं अण्णांना सारस बघायचा होता. बाकी काही नाही दिसलं तरी चालेल, पण सारस दिसावा, असं ते निघण्याआधीपासून म्हणत होते. आणि नेमकं त्या सकाळी धुकं पडलं. असलं धुकं की शेजारची सायकलरिक्षा दिसेना. सगळे बांधावर हात चोळत उभे. अण्णांनी मला डोळ्याला लावलं. पुढं नुसतं पांढरं.

"काही दिसत नाही," ते म्हणाले.

अक्कानं मान वळवली. मफलर कानांवरून खाली ओढला.

"तिकडे आहेत. दोन आहेत. एक जण लांब ओढतोय आणि दुसरी मधेच दोनदा तोडतेय त्याला."

मग आम्हाला सगळ्यांनाच ऐकू आलं. धुक्यातून तुतारीसारखी हाक. आधी एक लांबलचक, तिच्या अंगावर दोन तुटक. पूरननं डोळे मोठे केले. "माताजी, सारस. जोडी है."

अण्णांनी मला खाली सोडलं. मी त्यांच्या छातीवर होते, तिथं चाललेली धडधड मला नीट कळत होती.

"अनू, तुला दिसले?"

 अक्कानं एक 'हो' म्हटलं असतं की काम झालं असतं. अण्णांचा सारस वहीत गेला असता. पण समोर कुणालाच काही दिसत नव्हतं, आणि तिथं खोटं बोलायची तिची हिंमत झाली नसावी.

"नाही. ऐकू आले."

"मलाही दिसले नाहीत. मलाही ऐकू आले." अण्णांनी वही काढली आणि तिथल्या तिथं लिहिलं. "वाचून दाखवतो. सारस, जोडी. दोघांनी ऐकला."

"वाचून कशाला दाखवता?"

"कारण तुला वाचता येत नाही. पांगोटपासून मी काही लिहिलेलं नाही, ते तुला दिसलं नाही. त्या दिवशी कडं जाम होतं, अनू. पहाटेपासून."

अक्कानं बांधाच्या दगडावर बसकण मारली. ती रडेल असं मला वाटलं. तिनं मफलरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही हिला खिळ्याला टांगणार. म्हणूनच नव्हते सांगत मी."

"घाबरलो होतो मी," अण्णा म्हणाले. "पाच दिवस झोप नाही. तू मला सांगितलं नाहीस, एकटीनं सोसलंस, त्याचा राग आला होता. कायदा तूच केलास आणि तूच मोडलास, त्याचाही आला."

"मग?"

"मग काय. आत्ता सारस कुणी शोधला? मी तर भलतीकडेच बघत होतो."

धुकं हळूहळू विरलं. पाण्यात दोन उंच आकृती दिसायला लागल्या. अण्णांनी मला उचललंच नाही. माझ्या सगळ्या जन्मातला सगळ्यात देखणा पक्षी समोर आणि मी स्वेटरवर पालथी. अक्कालाच ते जाणवलं.

"बघा ना तुम्ही. आणि मला सांगा."

मग अण्णांनी मला डोळ्यांना लावलं. सांगायला लागले ते अगदी कारखान्यातल्या माणसासारखं. "उंची पाच फूट, जास्तच. पाय तांबूस. डोकं लाल."

"अहो, मोजमापं काय सांगताय, करताहेत काय ते सांगा."

"तो मान खाली घालून काहीतरी खातोय. ती उभी आहे. आता तीपण चालायला लागली. त्याच्या मागं नाही, शेजारून."  माझ्या काचांवर ओल आली, ती धुक्याची नव्हती.

आम्ही परत आलो त्याला दोन महिने झाले. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून अण्णांनी मला खोललं, जुनं ग्रीस काढलं, नवीन घातलं. आता कडं एका बोटानं फिरतं. सकाळी आम्ही तिघं तळ्यावर जातो. अक्का कानांनी शोधते, अण्णा बघतात आणि सांगतात. त्यांचं सांगणंही सुधारलं आहे, परवा तर त्यांनी एका बगळ्याला चक्क 'रुसलेला' म्हटलं. वहीतला कायदाही थोडा वाढवला आहे. कुणी ऐकला, कुणी पाहिला, दोन्ही लिहायचं, पण दोघं हवीत.

माझं काम आता एकाच्याच डोळ्यांसाठी उरलं, असं मला वाटलं होतं. मन उदास झालं होतं. पण पहिल्याच सकाळी, बघून झाल्यावर अण्णांनी मला नेहमीसारखं अक्काकडे दिलं. ती म्हणाली, "मला कशाला? मला काय दिसणार आहे?"

"पाळी तुझी आहे."

अक्कानं मला डोळ्यांना लावलं. आणि कितीतरी महिन्यांनी तिची बोटं माझ्या कड्यावर आली. चाचपत, मोजत, कडं बरोबर तिच्या जुन्या ठिकाणी आणून ठेवलं. चार श्वास थांबली. मग मला तशीच परत दिली.

रोज असंच चालतं. माझ्या काचांत बुरशी धरू लागली आहे, फार वर्षं राहिली नाहीत. कुणाला काही मागावं असं आयुष्यात वाटलं नाही, आता एकच मागते: या दोघांच्या हातांतून मला कुणी काढू नका, मी खराब झाले तरी. कारण अण्णा मला डोळ्याला लावतात, सगळं धुरकट दिसतं, आणि मग तळ्याकाठी मोठ्यानं कुरकुर होते:

"अनू, कडं परत आणून देत जा गं."