जावईबापूंनी पंप ऐकला

लाँड्रीवाल्या जावईबापूंचा आवाज इतका बारीक होता, की कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक दोनदा "काय म्हणालात?" विचारायचं. घरात तर त्यांना बोलायची पाळीच यायची नाही. सासूबाई आणि मेहुणा त्यांच्याकडेच राहायला होते, आणि ती दोघं सुरू झाली की मध्ये शिरायला सुईएवढी फट मिळायची नाही. बायको तेवढी त्यांच्या ओठांकडे बघून ओळखायची.

त्या दिवशी हॉटेलातल्या मेजवानीचे टेबलक्लॉथ पोचवायचे होते. जुन्या व्हॅनमध्ये पुढे जावईबापू आणि बायको, मागे कडक इस्त्रीचे गठ्ठे, मधल्या सीटवर बहिणीकडे निघालेल्या सासूबाई, आणि शेजारी, दुसरं काही काम नसल्यामुळे, मेहुणा. बाजाराच्या तोंडाशी व्हॅनने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. किल्ली फिरवली की स्टार्टर घरघरायचा, पण इंजिन काही दाद देईना.

"पंप गेला," मेहुण्याने बसल्या जागी निकाल दिला. "पेट्रोलचा पंप. आता टाकी उतरवावी लागणार."

"तुला कसं कळलं?" बायकोने विचारलं.

"आवाजावरून."

"अरे, गाडी बंद आहे."

"तेच तर!"

जावईबापूंनी मेकॅनिकला स्पीकरवर फोन लावला. तो नेमका दातांच्या दवाखान्यात, नुकतीच दाढ काढून, तोंडात कापूस धरून बसला होता. इतरांना नुसतं हूं हूं ऐकू आलं. पण ज्यांचं स्वतःचं बोलणं कुणाला कळत नाही त्या जावईबापूंना त्याचा शब्दन्‌शब्द कळला. किल्ली अर्धीच फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही. मधल्या सीटखाली टाकी आहे, तिथे कान लावायचा. पंप चालत असेल तर क्षणभर 'घूंऽ' ऐकू येईल. मात्र अगदी शांतता हवी.

आता या व्हॅनमध्ये शांतता आणायची कुठून? जावईबापूंनी बायकोला किल्लीवर बसवलं, स्वतः मागे येऊन गुडघे टेकले आणि डोकं खाली घातलं.

"अहो, भर रस्त्यात माझ्या पाया कसले पडताय!" सासूबाईंनी पाय वर ओढले.

"पंप ऐकतोय," ते पुटपुटले.

"काय म्हणाले?"

"पंप ऐकतायत," बायको पुढून म्हणाली आणि तिने किल्ली फिरवली. नेमका त्याच क्षणी मेहुणा बोलला, "काही ऐकू येणार नाही, लिहून घ्या." दुसऱ्या खेपेला सासूबाईंनी, "गप रे, त्यांना ऐकू दे!" असं त्याला खणखणीत बजावलं. तिसऱ्या खेपेला दोघं एकमेकांना गप्प करत होती.

जावईबापूंचा कान पत्र्याला, नाक पायपुसण्यात, आणि मान पार अवघडलेली. त्यांच्या पोटातून जन्मात कधी न निघालेला आवाज निघाला.

"गप्प बसाऽऽ!"

व्हॅनचं सोडाच, समोरचा भांडीवालासुद्धा हातात पातेलं धरून तसाच थिजला. बायकोने किल्ली फिरवली. कुणी बोललं नाही. टाकीही बोलली नाही.

"बघा, गेला की नाही?" मेहुणा कुजबुजला.

पण फोनमधून पुन्हा हूं हूं सुरू झालं. पंपाला वीज पोचतेय का, ते आधी बघा. बॉनेटखालच्या डबीत काळ्या ठोकळ्यांसारखे रिले असतात. वीज तेच पुढे पोचवतात. हॉर्नचा रिले काढून पंपाच्या जागी बसवा, दोन्ही एकाच मापाचे आहेत.

जावईबापूंनी बसवला. बायकोने किल्ली अर्धी फिरवली.

"अगं बाई!" सासूबाई ताडकन उठल्या. "खाली भुंगा आहे!"

पंप धडधाकट होता, बिघडला होता तो त्याचा रिले. पुढच्या फेरीला इंजिनही सुरू झालं. फक्त आता हॉर्न मुका होता आणि पुढे अख्खा बाजार होता. जावईबापूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाजूला व्हाऽऽ! ओ सायकलवाले! मावशी, जरा सांभाळून!"

लोक खरंच बाजूला झाले. "काय म्हणालात?" कुणी विचारलं नाही. दुसऱ्या वळणावर तर त्यांना चवच लागली.

"जावईबापू, समोर कुणी नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

"नसू दे. बाजूला व्हाऽऽ!"

सासूबाईंना बहिणीकडे उतरायची आठवण राहिली नाही. हॉटेलच्या मागच्या दाराशी जावईबापूंना एरवी ताटकळावं लागायचं. आज एका हाकेत मॅनेजर स्वतः धावत आला, कुठे आग लागली म्हणून.

संध्याकाळपर्यंत घसा पार बसला. अंगणात मेहुणा शेजाऱ्यांना सांगत होता, "मी आवाजावरूनच ओळखलं!" जावईबापूंनी तोंड उघडलं, तर नुसती हवा.

"पंपाला काही झालेलं नव्हतं," दोरीवर चादर झटकत बायको म्हणाली. "रिले गेला होता, आणि तो यांनी शोधला." शेजारी हसले. मेहुण्याला अचानक आत काहीतरी काम आठवलं.

सासूबाईंनी गुळण्यांसाठी मिठाचं कोमट पाणी आणून दिलं.

"उद्या नवीन रिले बसवणार?"

जावईबापूंनी मान डोलावली.

"बसवा बाई. पण त्याआधी एकदा मला बहिणीकडे सोडा," सासूबाई म्हणाल्या. "बाजारातूनच जाऊ."