न विसळलेली बाटली

माझी धाकटी रसायनशास्त्र शिकली ती मी शिवलेल्या पँटींवर. मी शिंपी. त्यामुळे चेहऱ्याचं क्रीम बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी अर्ध्या गल्लीला ते वाचून दाखवलं, आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीला तोंडी सांगितलं. कायमची नोकरी, न्यायला-आणायला गाडी, स्वतःचं टेबल. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत फक्त "येते" एवढं फोनवर कळवायचं होतं. आणि ही बया म्हणते, "विचार करते."

विचार कसला, तर तीन महिन्यांपासून ती पिण्याचं पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत हंगामी म्हणून चिकटली होती. भिंतींना ओल आलेली, खुर्चीचा एक पाय लुळा. "पण तिथे कोणाला तरी उपयोग होतो, बाबा," ती म्हणायची.

"चेहरा उजळला तर तोही उपयोगच की. विचार तुझ्या आईला."

तिच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळून टाकलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मला पुन्हा खुमखुमी आली. "नळाखाली बाटली धरायला पदवी लागते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं हो," मी म्हणालो.

तिला झोंबलं. मला तेच हवं होतं. ती तरातरा उठली, स्वयंपाकघरातली एक रिकामी बाटली घेऊन मोरीच्या नळापाशी उभी राहिली. "बघा, मग बोला. शुक्रवारी एका शाळेतून पहिल्यांदा मी एकटीने पाण्याचा नमुना आणला. आधी नळाचं तोंड ज्योतीने तापवायचं. मग दोन मिनिटं पाणी सोडून द्यायचं. झाकणाला आतून बोट लागता कामा नये. मग त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची..."

एकदा विसळली. दुसऱ्यांदा विसळताना हात थांबला. नळ वाहत राहिला. मी दाढी करताना नळ जरा चालू ठेवला तरी जी माझं डोकं खाते, तिला ते दिसेना. आईने पुढे होऊन नळ बंद केला.

"विसळायची नसते," धाकटी म्हणाली. "जंतू तपासायची बाटली विसळायची नसते. शुक्रवारी मी विसळली."

मला कळेना की बाटली धुतली तर बिघडलं काय. तिने सांगितलं ते असं. नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन असतो. बाटलीत भरल्यावरही तो जंतू मारत राहतो. म्हणून त्या बाटलीत आधीच चिमूटभर पांढरी पूड घालून ठेवतात, ती क्लोरीनला गप्प बसवते. हिने बाटली विसळली आणि पूड वाहून गेली. मग प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दोन तास क्लोरीनला मोकळं रान. जंतू असले तरी बाटलीत मेले असणार. पण नळाला तोंड लावून पाणी पिणाऱ्या पोराच्या पोटात ते जिवंतच जातात. आणि शनिवारी शाळेला कागद गेला होता: पाणी पिण्यास योग्य.

इथे मी जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "कोणाला कळलंय? उद्या तू तिकडे 'येते' म्हणून कळवणार. हा विषय आपोआप संपेल. गप्प बस."

"बाबा, उद्या सकाळी पोरं तेच पाणी पिणार."

तिने प्रयोगशाळेतल्या मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं. तिकडून एकच वाक्य आलं: "ये, मी किल्ली घेऊन निघते."

मी तिला स्कूटरवरून प्रयोगशाळेत नेलं.

मॅडम ठेंगण्या, केस पिकलेल्या. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "क्षार मोजायची बाटली विसळायची, जंतूंची नाही. हे मी तुला सांगितलं होतं?"

"हो, मॅडम. दोनदा."

"मग?"

"हात सवयीने चालला."

ते ऐकून मला माझी कात्री आठवली. एकदा एका गिऱ्हाइकाचा एक पाय आखूड होता. माप वेगळं लिहून घेतलं होतं, तरी माझ्या कात्रीने सवयीने पँटीचे दोन्ही पाय सारखे, आखूड मापाचेच कापले. मी खापर कापडावर फोडलं, आटलं म्हणालो. त्या भल्या माणसाने विश्वास ठेवला. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मॅडमनी वहीत चूक लिहिली, धाकटीने खाली सही केली. मुख्याध्यापिकाबाईंना फोन गेला: शनिवारचा कागद रद्द, उद्या नळ बंद ठेवा. मग आम्ही शाळेत जाऊन नवे नमुने घेतले. मी पिशवी धरून उभा. तिने बाटली उघडली, तळाची पूड मला दाखवली आणि न विसळता भरली.

सोमवारी मी दुकान बंद ठेवून तीनलाच प्रयोगशाळेच्या बाकावर जाऊन बसलो. खरं सांगतो, पाणी स्वच्छ निघावं असं मला वाटत होतं. म्हणजे चूक पोटात घातली जाईल आणि ही मोकळ्या मनाने कंपनीत जाईल. शेजारी मुख्याध्यापिकाबाई धुसफुसत होत्या. चारशे पोरांना घरून पाणी आणायला लावलं होतं आणि पालक त्यांच्या डोक्यावर बसले होते.

सव्वाचारला मॅडमनी काचेच्या नळ्यांचा स्टँड बाहेर आणला. कालचं पाणी घातलेलं आतलं औषध जांभळंच राहिलं तर पाणी चांगलं, पिवळं झालं तर त्यात जंतू. पण सगळ्या नळ्या पिवळ्या झाल्या होत्या.

"सांडपाण्याचा पाइप कुठेतरी गळतोय," मॅडम म्हणाल्या. "मैदानाखाली बघायला लागेल."

बाईंनी विचारलं, "शनिवारचा कागद कोणी दिला?"

"सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या.

"नमुना मी आणला होता," धाकटी पुढे आली. "चूक माझी आहे."

"आणि काल ती कोणी शोधली?"

"तीही हिनेच," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पाइप दुरुस्त झाला की तपासायला हिलाच पाठवा," त्या म्हणाल्या. "दुसरं कोणी आलं तर मी फाटक उघडणार नाही."

पाच वाजायला दहा मिनिटं होती. धाकटी फोन घेऊन व्हरांड्यात गेली. मी मागोमाग.

"बाबा, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल," मी म्हणालो. "तू फोन लाव."

तिने लावला. "मी येत नाहीये," तिने सांगितलं. तिकडून कारण विचारलं असावं. "इथलं काम मला अजून नीट येत नाही. ते शिकायचंय." फोन ठेवून ती माझ्याकडे न बघता आत गेली, नळ्या धुवायला.

मला वाईट वाटलंच. गल्लीला काय सांगायचं, हेही मनात आलं. पण त्याहून जास्त लाज वाटत होती. आदल्या दिवशी मी तिला गप्प बस म्हणालो होतो, आणि तिने माझं ऐकलं असतं तर चारशे पोरं दिवसभर ते पाणी प्यायली असती. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा बापाचं म्हणणं धडधडीत मोडलं होतं, आणि मला एवढा आनंद झाला होता की त्या व्हरांड्यात उभ्या उभ्या मी ढसाढसा रडलो.