आधी वरची रेघ

"आजोबा, हे काय लिहिलंय?" श्रद्धानं पुस्तक माझ्या नाकासमोर धरलं.

"चष्मा न्हाई बाळा जवळ. आईला विचार."

"चष्मा तुमच्या डोक्यावर आहे."

टेबलाभोवतीची चारही नातवंडं हसली. मीही हसलो. चष्मा डोळ्यांवर ओढला, पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं. पानावर एका बैलाचं चित्र होतं.

"बैल," मी म्हणालो.

"इथे पाच ओळी आहेत, आजोबा. नुसता बैल नाही."

माझी सून शर्मिला ओट्याशी कणीक मळत होती. ती पिठाच्या हातानं आली, पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि म्हणाली, "श्रद्धा, आजोबांना आधी पाणी दे." एवढंच. पण जाताना तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. त्या घरात मी नऊ वर्षं राहत होतो. चष्मा विसरला, डोळ्यांत पाणी येतं, उजेड कमी आहे, असं करत मी ती नऊ वर्षं काढली होती. त्या क्षणी ती संपली, हे मला समजलं.

ही २००५ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. आम्ही धायरीला राहत होतो. मुलगा समाधान खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. सकाळी सातला कंपनीची बस, परतायला साडेआठ. असल्याच कंपन्यांच्या कचेऱ्यांमध्ये शेवटची चार वर्षं मी प्लायवूडच्या केबिनी ठोकल्या होत्या. सुतारकाम माझं नवव्या वर्षापासूनचं. घरातलं आठ फुटी सागवानी टेबलही मीच केलेलं, आणि त्याच टेबलावर आमच्या घरची शाळा भरायची.

शर्मिला पूर्वी शाळेत शिकवायची. थोरली मैत्री दुसरीत असताना शाळेच्या व्हॅनमध्ये सिंहगड रोडवर जाऊन-येऊन तीन तास मोडायचे. पोर डबा तसाच परत आणायची, झोपेत दचकायची. एक दिवस शर्मिला म्हणाली, "मी लोकांची पन्नास मुलं शिकवते, मला माझी चार शिकवता येणार नाहीत?" आणि नोकरी सोडून घरी बसली. मैत्री दहा वर्षांची, अनुग्रह आठ, श्रद्धा सहा आणि योना अजून पाचाचा व्हायचा होता. सकाळी प्रार्थना, एक गीत, मग अभ्यास. त्यातच कुकरच्या शिट्ट्या, चर्चच्या भगिनी मंडळाच्या बायका, पाळकसाहेबांचा फोन, कुणाच्या आजारपणाला पोचवायचा डबा. मैत्री अपूर्णांक शिकली ती पोळ्यांचे तुकडे करून.

त्या शाळेचा नियम एकच होता. जे शिकलात ते आपल्याहून धाकट्याला शिकवायचं. त्याला आलं तरच तुमचा पुढचा धडा. एकटी बाई चौघांना कशी पुरणार, त्यावर तिनं काढलेली ही युक्ती. मैत्री अनुग्रहला शिकवायची, अनुग्रह श्रद्धाला, श्रद्धा योनाला. योनाच्या खाली कुणीच नव्हतं. तो रोज भांडायचा, "मी कुणाला शिकवू? मांजरीला?"

बैलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर चारांऐवजी पाच पाट्या होत्या.

"बाबा," शर्मिला माझ्याकडे न बघता म्हणाली, "योनाला शिकवायला कुणी नाही. तुम्ही बसाल का त्याच्या खाली? मला तेवढीच मदत होईल."

मदत! ती बाई कुणाला मदत करत होती, ते तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. मी मुकाट्यानं योनाशेजारी बसलो.

आता, मी बसलो तो काही नुसता सुनेचा मान राखायला नव्हे. त्याला कारण होतं.

माझी बायको कांता त्या वर्षीच्या जानेवारीत गेली. ती मिशनच्या वसतिगृहात राहून सातवीपर्यंत शिकलेली, पुढे दवाखान्यात आया होती. आमच्या घरचं पवित्र शास्त्र तिच्या माहेरून आलेलं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातली लग्नं, जन्म, बाप्तिस्मे, मरणं लिहायची रीत होती, आणि ते घरातल्या कर्त्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहायचं. आमच्याकडे ते कांताच लिहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "ह्यांचं अक्षर म्हणजे करवतीचे दाते. पान खराब होईल." तीस-पस्तीस वर्षं तिनं मला असं झाकून घेतलं. दर नाताळच्या दिवशी ती ते पान सगळ्यांना वाचून दाखवायची आणि मी शेजारी मान डोलवत बसायचो.

आता तिचं नाव त्या पानावर चढवायचं राहिलं होतं, आणि कर्ता माणूस मी होतो. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचा दुःखानं हात चालत नाही. मी तसं वाटू दिलं. जानेवारीत तिच्या वर्षाच्या प्रार्थनेला पाळकसाहेब ते पान सगळ्यांसमोर उघडणार होते. त्याआधी कांताचं नाव मला माझ्या हातानं लिहायचं होतं. तिच्यासाठी करण्यासारखं आता तेवढं एकच काम उरलं होतं.

योना कडक मास्तर निघाला.

"आजोबा, आधी अक्षर, मग वर रेघ. तुम्ही उलटं करताय."

"आरं, सुतार आधी वरची पट्टी ठोकतो. मग खाली काय लटकवायचं ते लटकवतो."

"इथे काही लटकवायचं नाहीये. लिहायचंय."

पण माझा हात ऐकेना. मी आधी गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, लावून पाटीभर सरळ रेघ मारायचो आणि मग खाली अक्षरं टांगायचो. अंदाज चुकायचा. कधी शब्द रेघेबाहेर लोंबायचा, कधी शब्द संपून रेघ पुढे उरायची. श्रद्धा म्हणायची, "आजोबांचे शब्द म्हणजे अर्धे कपडे वाळत घातलेली दोरी."

शेजारचे बद्रीनाथ खडकवासल्याला धरणाच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. रोज सकाळी पेपर द्यायच्या निमित्तानं डोकावायचे. पाटीपुढे मला बघून दारातच थांबले.

"काय मिस्त्री, प्रवेश मिळाला वाटतं? आमच्या नातवाला इंटरव्ह्यूत नापास केलं हो. तुमचा इंटरव्ह्यू कोणी घेतला?"

"मी," योना म्हणाला.

बद्रीनाथ ओशाळून पेपर ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते पेपर दाराच्या कडीत अडकवू लागले.

नोव्हेंबरात मी हरलो. जोडाक्षरं आली आणि सगळं फिसकटलं. बोटं रंधा धरायला घडलेली. त्यांत लेखणी सुकाणू तुटलेल्या होडीसारखी फिरायची. एका सकाळी मी पाटी उलटी ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं योना आला. रडत होता.

"काय झालं?"

"आई मला पुढचा धडा देत नाही. तुम्हाला आधीचा आला नाही म्हणून." त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "तुमच्यामुळे मी मागे राहिलोय, आजोबा."

अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात लोकांनी मला पुष्कळ बोल लावले होते. हा एकच बोल रास्त होता. मी उठून आत गेलो आणि पाटी सुलटी केली.

नाताळ झाला. त्या वर्षी शास्त्राचं पान कुणी वाचलं नाही. करंज्यांची ताटं शेजारी पोचवून आल्यावर समाधान माझ्याजवळ बसला.

"बाबा, पंधरा जानेवारीला प्रार्थना ठेवलीय. आईचं नाव अजून..." तो अडखळला. "तुम्हाला त्रास होत असेल तर मी कंप्युटरवर टाइप करतो. छान प्रिंट काढून चिकटवू."

"त्या पानाला हात लावायचा न्हाई."

"अहो, पण पाळकसाहेब वाचणार काय?"

"वाचतील."

तो उठला. त्याला माझं गुपित लहानपणापासून ठाऊक असणार. मुलाला बापाचं ठाऊक असतंच. आमच्या घरात सगळे तेवढे समजूतदार होते. त्या समजूतदारपणानंच मला आयुष्यभर अडाणी ठेवलं, असं मी मनाशी म्हणालो. मग त्या विचाराचीच लाज वाटली.

चौदा तारखेला दुपारी शर्मिला मोठ्या तिघांना घेऊन चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली. योनाला सर्दी होती म्हणून तो घरी. मी हात धुतले, टेबल पुसलं, कांताच्या पेटीतून शास्त्र काढलं आणि ते पान उघडलं. बाजूला गुण्या, टेप आणि शाईचा पेन. लिहिण्याआधी वरचं सगळं वाचून काढायचं ठरवलं; म्हणजे तिनं कुठे काय लिहिलंय ते पाहून तसंच खाली लिहिता येईल.

पहिली ओळ आमच्या लग्नाची. 'कचरू' हे माझं नाव तिच्या अक्षरात मी पहिल्यांदा वाचलं. बोट ठेवून वाचलं, मग बोट काढून पुन्हा वाचलं.

नाताळला कांता वाचायची त्यात दुसरी ओळ समाधानच्या जन्माची. आमचं एकुलतं एक लेकरू ते. ओळ 'स'नं सुरू व्हायला हवी होती. ती 'ग'नं सुरू झाली.

मला वाटलं, माझंच चुकतंय. "योना, हितं बघ रं. ह्यो 'ग' हाय ना?"

योना खुर्चीवर चढला. "हो. गो... दा. गोदा. जन्म..." पुढचे आकडे त्यानं एकेक करून वाचले. बारा मार्च एकोणीसशे सत्तर. आणि त्याच ओळीत पुढे, प्रभूकडे, पंधरा मार्च एकोणीसशे सत्तर.

टेपवरचे इंग्रजी आकडे मला यायचे. कांतानं लिहिलेले मराठी होते, त्यांत मी अजून अडखळायचो. त्या पानाशेजारी मी पस्तीस वर्षं बसलो होतो.

"गोदा कोण, आजोबा?"

गोदाबाई माझ्या आईचं नाव. पण ही ओळ तिची नव्हती.

"तुझी आत्या," मी म्हणालो.

"कुठे असते?"

मी त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. तो टेपची पट्टी ओढून सोडायचा खेळ खेळू लागला.

ती पोर तीन दिवस जगली. तिच्या दफनाची पेटी मीच केली, देवदाराची, दोन फुटांहून कमी. झाकण बसवायच्या आधी कांता भिंतीला धरून आली आणि म्हणाली, "अहो, झाकणावर पोरीचं नाव कोरा." मी तिच्यावर ओरडलो. "तीन दिवसांच्या पोरीला नाव कसलं? पुन्हा हा विषय काढायचा न्हाई." दवाखान्यातल्या बायकांनी ऐकलं. काय कठोर माणूस आहे, असं त्या म्हणाल्या असतील.

मी कठोर नव्हतो. मला कोरता येत नव्हतं. पटाशी हातात होती, लाकूड समोर होतं, आणि एक अक्षर येत नव्हतं. लग्नाला दोनच वर्षं झाली होती. कांताला तोवर ते कळलेलं नव्हतं, आणि त्या दिवशी ते सांगण्यापेक्षा मला ओरडणं सोपं गेलं. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाचता येत नाही हे पुढे तिला कळलं, तेव्हा त्या ओरडण्याचं कारणही तिला उमगलं असेल का? ते विचारायला आता ती नव्हती. माझ्या आईचं नाव देऊन तिनं पोरीला या पानावर ठेवलं होतं. दर नाताळला माझ्या शेजारी बसून तिनं ही ओळ मनात वाचली असेल आणि पुढची मोठ्यानं.

योना म्हणाला, "आजोबा, लिहा ना. आई येईल."

मी टेप लावला. पाटीवर सराव करताना कांताचं नाव आणि तारखा मिळून साडेचार इंच होत होत्या. तेवढी रेघ गुण्यानं मारली.

"आधी अक्षर, मग रेघ," योना सवयीनं म्हणाला.

"असू दे."

मग खाली लिहिलं. भीतीनं हात आखडला आणि अक्षरं पाटीपेक्षा बारीक आली. लिहून झालं तेव्हा शर्टाची पाठ ओली होती. योनानं बोट ठेवून तपासलं, बरोबर म्हणून मान हलवली, आणि माझ्या मनगटावर पेननं एक चांदणी काढली. बरोबर आलं की शर्मिला मुलांना तशीच चांदणी द्यायची.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. गाणं झालं, प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी शास्त्राकडे हात केला तेव्हा मी म्हणालो, "आज मी वाचतो, साहेब."

शर्मिलाच्या हातातला पाण्याचा ट्रे जागीच थांबला. दाराशी उभ्या असलेल्या बद्रीनाथांनी टोपी काढली. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. फार वेळ लागला.  दुसऱ्या ओळीवर मी 'गोदा' म्हणालो, तिच्या दोन्ही तारखा म्हणालो, तेव्हा समाधाननं मान वर केली. त्याला ती ओळ ठाऊक होती; आई ती सोडून वाचते, हेही ठाऊक होतं. तो उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. शेवटची ओळ मी वाचली आणि शास्त्र मिटलं.

जेवणं उरकल्यावर योना ते पान पुन्हा बघायला आला.

"आजोबा, आजीच्या नावापुढे रेघ उरलीये. खाली काहीच नाही."

मी टेप लावून पाहिला. दीड इंच होती.

"राहू दे," मी म्हणालो. त्या दीड इंचाखाली माझ्यानंतर काय लिहायचं, ते मी त्याला दाखवून ठेवलं आहे. तोवर त्याचं अक्षर सुधारेल.