कवडूची डेबरी

"जेवतात कोणत्या हातानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजव्याच, साहेब," कवडू झटकन बोलला. आता घरंदाज बाई डाव्या हातानं जेवते का?

दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या नवऱ्याचं उत्तर ऐकून ललिताबाईचा जीव तडफडला. अवो, अर्धंच काहून सांगता! पण तोंडातून "बा... बा..." एवढंच निघालं. तीन दिवसांपूर्वी, ऐन धानकापणीत, शेताच्या बांधीतच तिचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा बसली. वाचा तरी कोणाची, तर ललिताबाईची! ती हाकारायला लागली की आंबागडात तिसऱ्या बांधीतली बैलजोडी थांबायची.

"मग अवघड आहे," डॉक्टर म्हणाले. "उजव्या हाताच्या माणसाचं बोलणं बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. मार तिथंच बसलाय. डावखुऱ्या असत्या तर आशा जास्त होती. त्यांच्यातल्या काहींची दोन्हीकडे सोय असते."

कवडूनं मान खाली घातली. "मंग घरीच नेतो, साहेब. इथं ठेवून काय करू?"

घरी? मुकी होऊन? ललिताबाई आतून पेटली. जन्माची डावरी होती ती. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं, रंभाबाईनं, डाव्या हातावर उलथणं हाणून हाणून तिला उजव्या हातानं जेवायला लावलं. ताटापुरतं जमलं, विळ्याला नाही. गाव तिला 'कवडूची डेबरी', म्हणजे डावखुरी, म्हणून हसायचं आणि ती त्या शब्दावर भांडायला उठायची. आज तोच शब्द तिला हवा होता आणि जिभेवर येत नव्हता.

तिनं डावी मूठ आवळली आणि कवडूच्या दुपट्ट्याच्या लोंबत्या टोकावर जणू विळा चालवायला लागली. खर्र, खर्र, खर्र. थांबेचना.

"अरे बापा!" कवडू ओरडला. "साहेब, इचा इळा त डाव्या हाताचा हाय! घनश्याम लोहारानं उलट्या दात्याचा करून देल्ला!"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी जेवाचं इचारलं ना!"

डॉक्टर हसले. "राहू द्या त्यांना इथं. त्यांना बोलतं करत राहा. खात्री देत नाही, पण सोडायचं नाही."

दीड महिना कवडू तिच्याशी बोलत राहिला. आधी 'पाणी' आलं, मग होकाराचं 'हाव', मग एक सणसणीत शिवी. त्या दिवशी कवडूच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी आल्यावर पहिलंच जेवण. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. चुलीपुढून रंभाबाई बघत होती. ललिताबाईनं ताट दूर सारलं. सासूसमोर डावा हात अन्नाला लावायचा कसा?

कवडूनं आपला उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं भात कालवायला लागला. निम्मा धोतरावर सांडला.

"सां... सांडून नोका राहू," ललिताबाई म्हणाली. तिनं ताट पुढं ओढलं, डाव्या हातानं घास केला. "असा... असा धराचा असते."